पाथरीचे वाङ्मय कोठून मोजायचे?

कॅनडाचे साहित्य शिकवायला घेतले की बहुतेक विद्यापीठांत सुरुवातीच्या तासांना ना कविता असते ना कथा. असतात त्या खलाशांच्या, मिशनऱ्यांच्या आणि कातड्याच्या व्यापाऱ्यांच्या नोंदी. जाक कार्तिए १५३४ मध्ये सेंट लॉरेन्सच्या आखातात शिरला, तो चीनकडे जाणारी वाट शोधत. जेझुइट पाद्री आपल्या कामाचे अहवाल पाठवत आणि ते १६३२ ते १६७३ या काळात पॅरिसमध्ये छापले जात; त्यामागे उद्देश होता देणग्या मिळवण्याचा. सॅम्युअल हर्न हा हडसन बे कंपनीचा नोकर. तांब्याची खाण सापडेल या आशेने कंपनीने त्याला उत्तरेकडे धाडले. १७७० ते १७७२ या काळात तो आर्क्टिक किनाऱ्यापर्यंत पायी जाऊन आला आणि त्याचे पुस्तक तो वारल्यावर, १७९५ मध्ये छापून निघाले. यांपैकी कुणालाही आपण साहित्य लिहितो आहोत असे वाटले नव्हते. तरीही तिथला अभ्यासक्रम इथूनच निघतो. मग फ्रान्सेस ब्रूकची १७६९ मधली क्विबेकची कादंबरी येते, सुझाना मूडीने १८५२ मध्ये छापलेले जंगलातल्या संसाराचे अनुभव येतात, आणि शेवटी अॅलिस मन्रो, मायकेल ओंडाटजे, रोहिंटन मिस्त्री यांच्यापर्यंत वाट पोहोचते.

परभणी जिल्ह्यातल्या पाथरी या तालुक्याच्या गावाशी याचा संबंध काय, असे वाटणे साहजिक आहे. संबंध पद्धतीचा आहे. कॅनडातल्या अभ्यासकांपुढे जो प्रश्न होता तोच मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावापुढे आहे: या भूमीवर जे लिहिले गेले त्यातले साहित्य कोणते, ते कोणत्या भाषेतले धरायचे आणि त्याची सुरुवात कुठे मानायची? मराठी वाङ्मयाचे इतिहास याचे उत्तर भाषेने देतात. मुकुंदराज, म्हाइंभट, ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, दासोपंत अशी ती ओळ चालते आणि यातले बहुतेक जण गोदावरीच्या दोन्ही अंगांचेच असल्यामुळे मराठवाड्याला त्या ओळीत मानही मोठा मिळतो. पण पाथरीची बरीचशी पुस्तके या चाळणीतून खाली पडतात. ती संस्कृतात आहेत, काही फारसीत आहेत, काही तर पुस्तकेच नव्हेत. माझे म्हणणे असे की गावाचे वाङ्मय भाषेने न मोजता भूमीने मोजले, म्हणजेच कॅनडावाल्यांनी केले तसे दस्तऐवजांपासून सुरू करून कादंबरीपर्यंत आणले, तर पाथरीचा पाच शतकांचा एक सलग ग्रंथसंग्रह समोर येतो. आणि काही बाबतीत तो कॅनडाच्या संग्रहापेक्षा अधिक विचार करायला लावणारा आहे.

आधी कॅनडाने या नोंदींचे केले काय, ते पाहिले पाहिजे. नुसत्या जुन्या म्हणून त्या अभ्यासक्रमात लावल्या असत्या तर त्या कपाटात पडून राहिल्या असत्या. त्या जिवंत राहिल्या त्या नंतरच्या लेखकांनी त्यांच्याशी मांडलेल्या भांडणामुळे. मार्गारेट अॅटवुडने १९७० मध्ये सुझाना मूडीच्या तोंडी कविता घातल्या आणि मूडीने जे दडपले असावे ते बोलते केले. नॉर्थ्रॉप फ्रायने १९६५ मध्ये असा विचार मांडला की अफाट निसर्गापुढे भेदरलेली माणसे तटबंदीच्या आत राहून विचार करू लागतात आणि त्या मनोवृत्तीचा ठसा कॅनडाच्या लेखनावर आहे. अॅटवुडने १९७२ मध्ये हाच धागा पुढे नेऊन, तगून राहणे हा तिथल्या साहित्याचा मध्यवर्ती विषय ठरवला. यावर लगोलग आक्षेप आला, आणि तो खरा होता: भेदरलेले होते ते गोरे वसाहतवाले, ज्यांचे ते रान घरच होते त्या आदिवासी समाजांना तटबंदीची गरज कुठे होती? रूडी वीबने १९९४ च्या कादंबरीत फ्रँकलिन या इंग्रज शोधप्रवाशाच्या १८१९ ते १८२२ च्या मोहिमेकडे तिथल्या देने लोकांच्या नजरेतून पाहिले आणि त्या पुस्तकाला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. हर्नच्या पुस्तकाची तर वेगळीच चिकित्सा झाली. त्याची वाट खरी चालवली ती मटोनाबी या देने पुढाऱ्याने, आणि छापील पुस्तकातली सर्वांत गाजलेली हत्याकांडाची हकीकत मूळ टिपणांहून बरीच रंगवलेली आहे, असे संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे प्रवासवृत्त हे पुरावा म्हणूनही वाचायचे आणि रचना म्हणूनही. ही दुहेरी वाचनाची सवय हीच कॅनडाच्या अभ्यासाची खरी कमाई आहे.

आता पाथरीकडे वळू. गोदावरीच्या उत्तरेला वसलेले हे गाव जुन्या संस्कृत ग्रंथांत पार्थपूर म्हणून येते. इथल्या ज्ञानराज या ज्योतिर्विदाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुन्दर’ हा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांनंतरच्या साडेतीन शतकांत सिद्धान्त या प्रकारातला इतका मोठा ग्रंथ क्वचितच झाला. ग्रहांची गती, ग्रहणे, गोल, यंत्रे हे सगळे त्यात आहे. पण शिवाय दोन गोष्टी अशा आहेत की केवळ गणिताचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हातून त्या निसटतात. एक म्हणजे ज्ञानराजाने पुराणांतले भूवर्णन आणि ज्योतिषातली गोल पृथ्वी यांचा मेळ घालण्याचा घाट घातला. पुराणे द्वीपांची आणि समुद्रांची सपाट वर्तुळे सांगतात, सिद्धान्तकार चेंडूसारखी गोल पृथ्वी मांडतात. भास्कराने यात पुराणांना फारसे जुमानले नव्हते, ज्ञानराजाला मात्र दोन्ही हवे होते. पाथरीत बसून एक माणूस जगाचा आकार ठरवू पाहत होता, तोही कोलंबसानंतर अवघ्या अकरा वर्षांनी. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रंथात ऋतुवर्णनाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. सिद्धान्तग्रंथात ऋतूंवर कविता करण्याचा पायंडा भास्कराचाच. ज्ञानराजाने तो श्लेषांनी नटवून पुढे नेला. तेव्हा या ग्रंथाला साहित्य म्हणायचे की नाही हा वाद मुळात लेखकानेच निकालात काढला आहे.

ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास हा त्याहून विलक्षण. त्याने भास्कराच्या ‘बीजगणिता’वर १५३८ मध्ये आणि ‘लीलावती’वर १५४१ मध्ये टीका लिहिल्या, तेव्हा तो तिशीच्या आसपासचा होता. याच माणसाने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले: श्लोक डावीकडून वाचला तर रामाची कथा, उजवीकडून उलटा वाचला तर कृष्णाची. अशा काव्यप्रकाराचा प्रवर्तक सूर्यदासच, असे क्रिस्टोफर मिन्कोव्स्की या संस्कृत अभ्यासकाने २००४ मधल्या लेखात मांडले. हे काव्य भावनेने हलवणारे नाही हे मान्य; ती बुद्धीची कसरत आहे आणि कसरतीत अर्थाची ओढाताण होतेच. माझ्या दृष्टीने सूर्यदासाचे महत्त्वाचे लेखन तिसरेच आहे. आपल्या ‘सिद्धान्तसंहितासारसमुच्चया’त त्याने एक भाग मुसलमानी ज्योतिषाची मते सांगण्यासाठी ठेवला. ज्यांना तो म्लेच्छ म्हणतो त्यांच्या विश्वरचनेची मांडणी तो संस्कृतात, आपल्या वाचकांसाठी करतो. कॅनडाच्या अभ्यासक्रमाच्या तोंडाशी नवागत लेखक स्थानिकांचे वर्णन करतो. पाथरीत इथला पंडित नव्याने आलेल्यांचे ज्ञान तपासून लिहितो. शोधवृत्तांची दिशाच इथे उलटी आहे, आणि कॅनडाशी तुलना केल्याशिवाय हे वेगळेपण नजरेत भरत नाही.

नवागतांच्या बाजूचे लेखनही पाथरीच्या वाट्याला आले आहे. विजापूरच्या दरबारात सतराव्या शतकाच्या आरंभी आपला फारसी इतिहास पूर्ण करणारा फिरिश्ता आधी अहमदनगरात निजामशाहीच्या चाकरीत होता. निजामशाहीचे मूळ तो पाथरीत नेऊन ठेवतो: राज्य स्थापणाऱ्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला ब्राह्मण, लढाईत पकडला जाऊन बहमनी सुलतानाचा गुलाम झालेला. पुढे अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. इमादशहाने नकार देऊन तटबंदी सुरू केली, तेव्हा बुऱ्हाणने १५१८ मध्ये गाव घेतले. ते हातचे गेल्यावर १५२७ मध्ये पुन्हा घेतले. फिरिश्ता म्हणतो की बुऱ्हाणने ते आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिले आणि अकबराच्या काळापर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. मोगलांच्या कागदांत पुढे पाथरी ही वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार म्हणून दिसते.

ही दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचली म्हणजे खरा प्रकाश पडतो. १५१८ ची चढाई झाली तेव्हा सूर्यदास दहा-अकरा वर्षांचा होता. दुसरी चढाई झाली तेव्हा विशीचा. त्यानंतर अकरा वर्षांनी तो बीजगणितावरची टीका पुरी करतो. फिरिश्त्याच्या पाथरीत सुलतान, वतन, तट आणि वेढे आहेत, पण त्याच गावात गणिताची मोठी परंपरा चालू असल्याची चाहूल नाही. पार्थपुराच्या संस्कृत ग्रंथांत गुरू, कुल, नदी आणि ग्रह आहेत. त्यांच्या विषयात सुलतानी फौजांना जागाच नाही. एकच गाव, तीच वर्षे, आणि एकमेकांना पाठ करून बसलेले दोन वाङ्मयप्रवाह. फ्रायची तटबंदीची कल्पना कॅनडात जितकी लागू पडते त्याहून ती मला इथे अधिक लागू वाटते, फरक इतकाच की इथला तट भाषेचा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी बांधलेला आहे. म्हणूनच सूर्यदासाचे ते परक्यांच्या ज्योतिषावरचे प्रकरण मोलाचे: तटात ठेवलेली ती एक खिडकी आहे.

फिरिश्त्याची ही कथा विश्वासार्ह कितपत, हा पहिला आक्षेप. सुलतानाचे मूळ ब्राह्मण घराण्यात शोधणारी कथा राज्याला स्थानिक मुळे मिळवून देते, तेव्हा ती कुणाच्या तरी सोयीची असणार, हे उघड आहे. पण हर्नच्या पुस्तकाने शिकवले ते इथे कामाला येते. हकीकत रंगवलेली असली तरी ती रंगवण्यामागचे कारण हाही इतिहासच. पाथरी घेण्यासाठी लढाया झाल्या यात शंका नाही. त्या लढायांना कुलकर्णीपणाच्या वतनाचे कारण चिकटवावेसे वाटले, यावरून सोळाव्या शतकातल्या दख्खनेत राज्याइतकाच वतनालाही किती मान होता, ते कळते. निखळ सत्य नव्हे म्हणून टाकून देण्याने हे हाती लागले नसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. संस्कृत ज्योतिष, फारसी तवारीख, हैदराबादच्या निजामी काळातले उर्दू दफ्तर आणि आजची मराठी कथा यांच्यात सातत्य कुठले? एकाचा लेखक दुसऱ्याचा वाचकही नव्हता. मग गावाच्या नावाखाली त्यांना एकत्र बांधणे म्हणजे नुसती मोळी बांधणे नव्हे का? यातला अर्धा भाग मला मान्य आहे. ज्ञानराजापासून आजच्या कथाकारापर्यंत प्रभावाची साखळी दाखवता येणार नाही आणि दाखवूही नये. पण कॅनडातही तशी ती नाही. कार्तिए फ्रेंच, हर्न इंग्रज, देने आणि क्री आदिवासींच्या कथा मौखिक, मिस्त्रीच्या कादंबऱ्या तर बव्हंशी मुंबईतल्या पारशांच्या. तरी तिथे एक अभ्यासविषय उभा राहिला, कारण जमीन, हवामान आणि सत्ता या तीन गोष्टी त्या सर्वांना सारख्याच भिडल्या. पाथरीतही तसेच आहे. पाऊस, वतन आणि परकी राजभाषा यांच्याशी प्रत्येक पिढीला झगडावे लागले. परंपरा वारशाने येते तशी ती सारख्या पेचांतूनही तयार होते.

ते पेच विसाव्या शतकात स्पष्ट दिसतात. बी. रघुनाथ यांचा जन्म १९१३ चा, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. निजामी राज्यात सरकारी कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत चाले. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा राज्याच्या बांधकाम खात्यात कारकुनी करता करता या माणसाने मराठीत कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ मध्ये वयाच्या चाळिशीतच ते गेले. त्यांची ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी मृत्यूनंतर आली. तिच्यातला गावगाडा वाचताना फिरिश्त्याचे कुलकर्णी आठवल्यावाचून राहत नाहीत. वतनासाठी सुलतान फौज नेतो ती सोळाव्या शतकातली बाजू. वतनाच्या ओझ्याखाली गाव कसे पिचते ती विसाव्या शतकातली. फिरिश्त्याच्या मजकुराशी कुणी मराठी लेखकाने भांडण मांडले असेल तर ते, नकळत का होईना, बी. रघुनाथांनी. तसेच ज्ञानराजाच्या ऋतुवर्णनाचे. त्यातले ऋतू काव्यशास्त्राच्या संकेतांनी येतात, वेळेवर येतात. इंद्रजित भालेराव यांच्या १९८९ मधल्या ‘पीकपाणी’त आणि आसाराम लोमटे यांच्या कथांत ऋतूला शेतकऱ्याचा हिशेब जोडलेला आहे. लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, कोरडवाहू शेती, गावचे राजकारण आणि त्यात भरडणारी माणसे यांच्या त्या कथा आहेत. त्या समोर ठेवून ज्ञानराजाचे ऋतू वाचले तर त्यांचे सौंदर्य कमी होत नाही, मात्र ते सौंदर्य कुणाच्या अंगणातले होते हे कळते.

मग अंगणाबाहेरच्यांचे काय? इथे कॅनडाने एक मोठी वाट दाखवली आहे. गित्सान आणि वेत्सुवेतेन या आदिवासींच्या जमिनीच्या दाव्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला इतिहास पुरावा म्हणून ग्राह्य धरला. ज्याला न्यायालय पुरावा मानते त्याला वाङ्मयाचा अभ्यासक्रम बाहेर ठेवू शकत नाही. गोदाकाठी हे तोंडी वाङ्मय म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाच्या घरात ओव्या गोळा केल्या, त्यांत परभणी जिल्ह्यातल्या बायकांचा वाटा आहे. पंडित, तवारीखकार आणि कारकून या तिघांच्याही लेखनात न आलेले अर्धे गाव त्या ओव्यांत आहे. गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग आपण साहित्य म्हणून वाचतो, कारण ते गाथेत आले. दळताना त्याच जनीला हाका मारणाऱ्या बायकांची ओवी मात्र लोकसाहित्य या वेगळ्या खोलीत ठेवतो. ही खोली बंद केली पाहिजे, ओवी तिच्याबाहेर आणून.

तिसरा आक्षेप हटकून ऐकू येतो: हा गावाभिमानाचाच नवा प्रकार. पाथरीला तो परिचित आहे. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून गावाच्या विकासाला निधी देण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली आणि शिर्डीत बंद पाळला गेला. कुणाचा जन्म कुठे झाला हा वाद अखेर मालकीचा असतो. एका गावाने जिंकला की दुसरे हरते. वाङ्मयाच्या बाबतीत तसे नाही. गोदातीरावरचे ज्योतिष पाथरीचे म्हटल्याने ते काशीचे व्हायचे राहत नाही: याच गोदातीरावरच्या गोलग्रामातले दिवाकराचे ज्योतिषी घराणे काशीला गेले आणि तिथे १६५८ मध्ये कमलाकराने ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. शिवाय थोरवीचा दावा इथे नाहीच. विलोमकाव्य ही कसरत आहे असे वर म्हटलेच आहे. अॅलिस मन्रोने आयुष्यभर ऑन्टारिओतल्या एका कोपऱ्याबद्दल लिहिले आणि २०१३ मध्ये तिला नोबेल मिळाले; तो कोपरा मोठा होता म्हणून नव्हे, तर तिने तो बारकाईने वाचला म्हणून.

एक इशारा मात्र कॅनडाच्या निमित्ताने आपल्याच घरातून मिळतो. मिस्त्रीची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात होती. २०१० मध्ये तिच्यातल्या काही मजकुरावरून गदारोळ झाला आणि ती घाईघाईने काढली गेली. भूमीशी भांडणारे लेखन शिकवायचे म्हटले की हे होणारच. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेल्या ‘लीळाचरित्रा’च्या आवृत्तीवरूनही वाद पेटला होताच. पाथरीच्या संग्रहात म्लेच्छ हा शब्द वापरणारा पंडित आहे, सुलतानाला ब्राह्मण ठरवणारा फारसी इतिहासकार आहे, चौधऱ्यांची लक्तरे मांडणारी कादंबरी आहे. यातले एकेक वेगळे काढून वाचले तर प्रत्येकावर कुणी ना कुणी रागावेल. एकत्र वाचले तर ती एकमेकांनाच जाब विचारतात, आणि शिक्षकाचे निम्मे काम त्यातच होते.

परभणी जिल्ह्यातली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. त्या विद्यापीठाच्या मराठी, संस्कृत, उर्दू आणि इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी मिळून पदव्युत्तर वर्गासाठी एक अभ्यासपत्रिका याच धर्तीवर ठेवावी: ‘सिद्धान्तसुन्दरा’तले ऋतुवर्णन, सूर्यदासाचे परमताचे प्रकरण, फिरिश्त्याची पाथरीविषयीची पाने, निवडक ओव्या, ‘आडगावचे चौधरी’ आणि ‘आलोक’. साहित्य दुर्मीळ नाही. ज्ञानराजाच्या ग्रंथाचे टोके नुड्सेन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून प्रसिद्ध झाले आहे. पाथरीतल्या विद्यार्थ्याला ते मराठीतून वाचता यावे, एवढी सोय तरी आपण केलीच पाहिजे.